ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीचा डायनोवर दर वेळी वेगळा आकडा: दोष शोधायचा कुठून?

रिमॅपआधी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलण्याआधी, चाकांवर १५४ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). रिमॅपनंतर १८८. दोन-तीन महिन्यांनी मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा भाग) बसवला आणि पुन्हा डायनोवर, म्हणजे रोलरवर चाकं फिरवून पॉवर मोजणाऱ्या मशीनवर, चढवली, तर १८१. रस्त्यावर मात्र गाडी आधीपेक्षा जोरात पळतेय. मग सात पीएस गेले कुठे?

धुळे, जळगाव, भुसावळकडचे टिग्वान, कोडियाक, यती फोर-बाय-फोर किंवा एक्सयूव्ही७०० ऑल-व्हील ड्राइव्ह बाळगणारे लोक थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन येतात. फक्त पुढची चाकं ओढणाऱ्या पोलो-ऑक्टाव्हियावाल्यांना हा त्रास बराच कमी. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिन आणि रोलर यांच्यामध्ये एक जास्तीचा भाग बसलेला असतो: मागच्या एक्सलला किती ताकद द्यायची हे क्षणाक्षणाला ठरवणारं कपलिंग. त्यात आपल्याकडून गाडी साडेतीनशे-चारशे किलोमीटर हाकत पुण्या-मुंबईला न्यायची, तिथल्या हवेत, तिथल्या मशीनवर मोजायची, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याच ठिकाणी दुसऱ्याच मोसमात. आकडे जुळले तरच नवल.

म्हणून पहिली गोष्ट पक्की धरा. बदलाचा फायदा मोजण्याआधी, बदल न केलेली गाडी लागोपाठ तीनदा मोजली तर एकच आकडा येतो का, हे बघायचं. तीन रनमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांत दोन टक्क्यांपर्यंत फरक असेल तर मोजणी चालण्यासारखी. पाच टक्के फरक असेल तर सात पीएस गेले की आले यावर बोलण्यातच अर्थ नाही, कारण १८० च्या गाडीत पाच टक्के म्हणजे ९ पीएस होतात.

आधी हातातला कागद वाचा

निम्मी भांडणं इथेच मिटतात. एका कागदावर पीएस आणि दुसऱ्यावर बीएचपी असेल तर दीड टक्क्याच्या आसपास फरक नुसत्या एककाचा: १९० पीएस म्हणजे १८७ बीएचपी. त्यानंतर बघा, आकडा चाकांवरचा आहे की इंजिनचा. आणि मग कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं करेक्शन बघा, कारण खरी गोम तिथे असते.

हवा विरळ किंवा गरम असली की इंजिनला प्राणवायू कमी मिळतो. म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर त्या दिवशीचा दाब, तापमान आणि बाष्प बघून आकडा एका ठरावीक हवेला आणून ठेवतं. एसएई जे१३४९ ची ठरावीक हवा म्हणजे २५ अंश आणि ९९० हेक्टोपास्कल कोरडा दाब. जुन्या एसटीडी पद्धतीत साडेपंधरा अंश आणि १०१३ हेक्टोपास्कल. एकच रन एसएईऐवजी एसटीडीमध्ये छापला तर आकडा सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. गाडीला हातही न लावता १८० चे १८७ होतात. दुकानदार फसवतोच असं नाही. बऱ्याचदा आधीच्या गिऱ्हाइकासाठी केलेली सेटिंग तशीच राहिलेली असते. दोन्ही वेळी एकच पद्धत ठेवायला सांगा आणि शेजारी करेक्शन न लावलेला आकडाही छापून घ्या.

टर्बो गाडीला हे करेक्शन पुरतं लागूच होत नाही, ही गोष्ट फार कमी लोक सांगतात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, जळगाव दोनशेच्या आसपास. पुण्यात हवेचा दाब ९४८ हेक्टोपास्कल, त्यातलं बाष्प वजा करून ९३३, आणि तापमान २८ अंश धरलं तर एसएईचं सूत्र साधारण १.०७८ ने गुणतं. चाकांवर मोजलेले १६० पीएस कागदावर १७२ होतात. टर्बो नसलेल्या इंजिनला हा गुणाकार रास्त आहे. पण टीएसआयचा, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचा, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, दाब ठरलेल्या पातळीवर ठेवायला बघतो; बाहेरची हवा विरळ झाली तर टर्बोला जास्त फिरवून तो कमतरता बरीचशी स्वतःच भरून काढतो. म्हणजे जे नुकसान झालंच नाही त्याची भरपाई कागदावर मिळते. म्हणून टर्बो पेट्रोलमध्ये मी करेक्शन नसलेला आकडा आणि त्याच रनचा बूस्टचा (टर्बोने वाढवलेल्या दाबाचा) लॉग एकत्र बघतो. बूस्ट ठरलेल्या पातळीला पोहोचलं असेल तर कच्चा आकडा सत्याच्या जवळ. पोहोचलं नसेल तर थोडं करेक्शन मान्य. टर्बो डिझेलसाठी आयएसओ १५८५ मध्ये सूत्रच वेगळं आहे. पेट्रोलचं सूत्र डिझेलच्या यतीला लावलेलं दिसलं तर तो कागद बाजूला ठेवा.

हवेचं तापमान मोजणारा सेन्सर कुठे टांगलाय तेही डोळ्यांनी बघून घ्या. एसीच्या केबिनमध्ये २४ अंशांवर सेन्सर आणि बाहेर ४२ अंशांची हवा ओढणारी गाडी, असं असेल तर तीन-साडेतीन टक्के चूक तिथेच शिरते. सायलेन्सरच्या वाटेत सेन्सर असेल तर चूक उलट दिशेने.

रोलर जोडलेले की सुटे

चार चाकांच्या डायनोमध्ये पुढचे आणि मागचे रोलर पट्ट्याने किंवा शाफ्टने एकमेकांना जोडलेले असतात, नाहीतर दोन्ही सुटे फिरतात. जोडलेल्या रोलरवर पुढची-मागची चाकं एकाच वेगाने फिरतात, रस्त्यावर फिरतात तशी. सुट्या रोलरवर पुढची चाकं आधी पळतात, कपलिंग जोडलं जातं, मागची मागून येतात, आणि हा खेळ पूर्ण रनभर चालतो. चांगल्या सुट्या डायनोत सॉफ्टवेअर ब्रेक लावून दोन्हींचा वेग सारखा ठेवतं, पण ते किती चांगलं जमतंय हे आलेखातच दिसतं. पुढच्या आणि मागच्या रोलरचे वेग एकाच आलेखावर काढून मागा. दोन रेघा एकमेकींवर बसल्या पाहिजेत.

वेगातला फरक स्वतः फार पॉवर खात नाही. मागच्या एक्सलकडे ८० पीएस जात असतील आणि कपलिंगमध्ये एक टक्का घसरण असेल, तर उष्णतेत जाणारी पॉवर साधारण ०.८ पीएस. खरा घोळ एबीएस आणि ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) घालतात. त्यांना चाकांचे वेग जुळत नाहीत असं दिसतं, गाडी घसरतेय असं ते समजतात आणि थ्रॉटल मागे घेतात. आलेखात साडेतीन-चार हजार आरपीएमजवळ अचानक एक खड्डा आणि पुढे रेघ परत वर, अशी खूण दिसली की रिमॅपला दोष देण्याआधी थ्रॉटल अँगलचा लॉग बघा. पाय फरशीला टेकलेला असताना थ्रॉटल १०० वरून ७० वर आलेला दिसला, तर इंजिनात काही बिघडलेलं नाही.

डॅशबोर्डवरचं ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून हे बहुतेक गाड्यांत पूर्ण बंद होत नाही. स्कॅनर लावून डायनो मोड किंवा रोलर मोड चालू करता येतो का ते गाडीच्या मॉडेलप्रमाणे आधी माहीत करून घ्या, आणि दोन्ही वेळी तोच मोड ठेवा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. “भाऊ, दोन चाकांचाच डायनो आहे, मागचा शाफ्ट काढून पुढच्या चाकांवर मोजून देतो,” असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. हॅल्डेक्सवाल्या गाडीत (टिग्वान-कोडियाकमध्ये याच नावाचं कपलिंग असतं) शाफ्ट काढून ती फिरेल, पण जो आकडा येईल तो वेगळ्याच गाडीचा असेल, कारण मागचं डिफरन्शियल आणि शाफ्ट फिरवायला लागणारी ताकद त्यात नसेल. लांबीच्या दिशेने इंजिन बसवलेल्या जुन्या ऑडी क्वाट्रोमध्ये मधलं डिफरन्शियल टॉर्सनचं (गिअरांनी ताकद वाटणारं) असतं. तिथे एक टोक मोकळं सोडून फुल थ्रॉटल देणं म्हणजे ते डिफरन्शियल मोडायला देणं. आणि शाफ्ट न काढता फक्त पुढची चाकं रोलरवर ठेवली तर कपलिंग जोडलं जाताच मागची चाकं गाडीला रोलरवरून पुढे फेकतात. समोर माणूस उभा असतो. थारसारखी पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर प्रश्नच नाही: टू-हायमध्ये ठेवून मागच्या चाकांवर मोजा.

घसरण टायरची की क्लचची

रिमॅपनंतर टॉर्क वाढतो आणि काहीतरी घसरायला लागतं. काय घसरतंय हे ओळखायला भागाकार पुरतो. इंजिनचा आरपीएम घ्या, त्याच क्षणाचा रोलरचा वेग घ्या, भागा. ज्या गिअरमध्ये ३००० आरपीएमला रोलर ९० किलोमीटर दाखवतो, तिथे उत्तर ३३.३. त्याच गिअरमध्ये ५००० ला १५० दिसायला हवेत, उत्तर पुन्हा ३३.३. पण ५००० ला रोलर १४६ च दाखवत असेल तर उत्तर ३४.२ आलं. म्हणजे पावणेतीन टक्के घसरण.

आता स्कॅनरवरून एबीएसने मोजलेला चाकांचा वेग घ्या; स्पीडोमीटरचा नको, तो नेहमी थोडा जास्त दाखवतो. सुरुवातीला चाकांचा वेग आणि रोलरचा वेग यांचं जे प्रमाण होतं ते वर जाताना तुटलं, चाकं पुढे पळाली, तर टायर रोलरवर घसरतोय. चाकं आणि रोलर बरोबर आहेत पण आरपीएम एकटा पुढे गेला, तर गिअरबॉक्सचा क्लच सुटतोय. पहिल्याचा इलाज टायर-पट्ट्यात, दुसऱ्याचा डीएसजी गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा क्लचमध्ये. चारही चाकांचे वेग वेगवेगळे लॉग केले तर फक्त पुढचीच घसरतायत का हेही कळतं, आणि ते कळणं फार कामाचं आहे, त्याकडे शेवटी येतो.

टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये, एक्सयूव्ही७०० मध्ये आहे तसा, कन्व्हर्टर लॉक होईपर्यंत हा भागाकार हलणारच. लॉक झाल्यानंतरचाच भाग मोजणीत धरा. गिअर मॅन्युअलमध्ये अडकवून ठेवा, १:१ च्या जवळचा निवडा, आणि पेडल किकडाउनचा टिचका ओलांडेल इतकं दाबू नका, नाहीतर गिअर मध्येच खाली पडतो.

टायर आणि पट्टे

आपल्याकडच्या रस्त्यांवर टायरला कट पडला की दोनच टायर नवे टाकायची पद्धत. पुढे ८ मिलिमीटर नक्षी, मागे ४. साधारण ३६ सेंटिमीटर त्रिज्येच्या टायरला हा फरक एक टक्क्याहून जास्त होतो. जोडलेल्या रोलरवर पुढची-मागची चाकं सारखाच पल्ला कापतात, पण फेरे वेगवेगळे होतात. तो फरक टायरच्या घासण्यात नाहीतर कपलिंगच्या प्लेटांमध्ये जिरतो आणि कपलिंग तापतं. मोजणीसाठी चारही टायर सारख्या झिजेचे हवेत. नसतील तर मित्राकडून चाकांचा संच एका दिवसापुरता मागून आणा.

हवा थंड टायरमध्ये भरा आणि आकडा लिहून ठेवा. निघण्याआधी टायर धुवा: काळ्या मातीच्या वाटेवरून आलेल्या टायरच्या खाचांत जो गिलावा सुकलेला असतो तो रोलरवर भुकटी होऊन पकड घालवतो. पट्ट्यांचा ताणही आकडा बदलतो. पट्टा जितका करकचून तितका टायर रोलरवर दबतो आणि फिरायला जास्त ताकद लागते. ढिला असेल तर टायर घसरतो. पहिल्या रनला पट्टा बांधल्यावर रॅचेटच्या तोंडाशी पट्ट्यावर खडूची रेघ मारा. पुढच्या वेळी त्याच रेघेपर्यंत ओढा. दर दोन रननंतर बघा, पट्टा ताणून रेघ सरकलेली असते.

आपला उन्हाळा

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ ला जातो. तेव्हा कुठल्याही डायनोवर टर्बो गाडीचं तुलनात्मक मोजमाप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रस्त्यावर इंटरकूलरला ८०-१०० किलोमीटरचा वारा मिळतो. डायनोपुढचा पंखा त्याच्या जवळपासही जात नाही. पहिल्या रनला आत जाणारी हवा ५० अंश, दुसऱ्याला ५८, तिसऱ्याला ६५, आणि तोवर ईसीयू नॉक (इंधन अवेळी पेटणं) टाळायला ठिणगीचं टायमिंग मागे घ्यायला लागलेला असतो. आकडा दर रनला उतरत गेला तर नव्वद टक्के वेळा हेच कारण.

इलाज सोपा पण वेळखाऊ. दोन रनमध्ये किती मिनिटं थांबायचं हे घड्याळ बघून ठरवू नका, इनटेकचं तापमान बघून ठरवा. पहिला रन ज्या अंशावर सुरू केला, त्याच्या दोन-तीन अंशांत परत येईपर्यंत बॉनेट उघडं, पंखा चालू. ऑइल आणि गिअरबॉक्सचं तापमानही सारखं हवं. लांबून आलात तर गाडी थेट रोलरवर चढवू नका. सकाळची पहिली वेळ मागा आणि मुक्काम आदल्या रात्रीच करा. डिसेंबर-जानेवारी हा मोजणीचा खरा मोसम.

रनचा कालावधीही सारखा ठेवा. २००० ते ६००० आरपीएम सहा सेकंदांत नेलं तर इंटरकूलर तापायला वेळ मिळत नाही, बारा सेकंदांत नेलं तर बूस्ट लवकर भरतं पण उष्णता वाढते. दोन्ही आलेख खरे, पण एकमेकांशी तुलना करण्यासारखे नाहीत.

इंजिनचा आकडा आणि पेट्रोल

इंजिनची पॉवर काढायला काही डायनो गाडी न्यूट्रलमध्ये सोडून रोलर थांबेपर्यंतचा तोटा मोजतात आणि तो चाकांवरच्या आकड्यात मिळवतात. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये गाडी सोडल्यावर कपलिंग सुटतं, त्यामुळे रनमध्ये होणारा तोटा आणि थांबताना मोजलेला तोटा एकच नसतो. कोणी सरसकट २० किंवा २५ टक्के मिळवून देत असेल तर तो निव्वळ अंदाज. तुलना चाकांवरच्या आकड्यांचीच करा.

पेट्रोल दोन्ही वेळी त्याच पंपाचं, त्याच दर्जाचं. आधीचा रन साध्या पेट्रोलवर आणि नंतरचा एक्सपी१०० या १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर घेतला तर फायदा रिमॅपचा की ऑक्टेनचा हे कोणीच सांगू शकणार नाही. मिश्रणाचा लॉग लॅम्डामध्ये (आदर्श प्रमाणाच्या किती पट हवा आहे तो आकडा) घ्या. ई२० मध्ये हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७ ऐवजी साडेतेराच्या आसपास असतं, त्यामुळे जुन्या पट्टीवर वाचलेला आकडा दिशाभूल करतो. रिमॅपनंतर आणि इंधन बदलल्यानंतर गाडी थोडी चालवून ईसीयूला सावरू द्या, मगच मोजा.

आणि जमेल तिथे एकाच दिवशी जुना भाग, नवा भाग, परत जुना भाग असं मोजा. इंटेक किंवा फिल्टर असेल तर हे सहज होतं. परत जुना भाग लावल्यावर आकडा जुन्या जागी आला तरच मधला फरक त्या भागाचा. रिमॅपमध्ये तर फक्त फाइल बदलायची असते, तेव्हा टाळायचं कारणच नाही.

एवढं करूनही तीन रन जुळत नसतील

तर कपलिंगकडे वळा. टिग्वान आणि कोडियाकमध्ये पाचव्या पिढीचं हॅल्डेक्स आहे. मागच्या डिफरन्शियलला चिकटून एक छोटा इलेक्ट्रिक पंप असतो आणि त्याच्या तोंडाशी अंगठ्याएवढी बारीक जाळी. कपलिंगच्या प्लेटा झिजून निघालेली भुकटी त्या जाळीवर थापली जाते, तेलाचा दाब बसत नाही आणि मागच्या चाकांना ताकद कधी मिळते, कधी नाही. गंमत म्हणजे पंप पूर्ण मरेपर्यंत बऱ्याच गाड्यांत फॉल्ट कोडही येत नाही. खूण अशी: सुट्या रोलरवर पुढच्या-मागच्या एक्सलचा वाटा दर रनला बदलतो, किंवा पुढचीच चाकं घसरतात आणि मागची नुसती सोबत फिरतात. पावसाळ्यात शेताच्या बांधावर पुढची चाकं गरगर फिरून मागची उशिरा जागी होत असतील तर शंका जवळपास पक्की.

काम अवघड नाही. तेल काढायचं, पंपाचे दोन बोल्ट सोडायचे, पंप हळूच ओढायचा. जाळी काळ्या चिकट थराने झाकलेली दिसते. ती डिझेलमध्ये नको, ब्रेक क्लीनरने धुवायची. ओ-रिंग नव्या टाकायच्या. तेल कपलिंगचंच, कंपनीने सांगितलेलं. इथे गॅरेजमध्ये एक घोटाळा नेहमी होतो: डिफरन्शियलचं तेल वेगळं आणि कपलिंगचं वेगळं, दोन्हींचे बूच शेजारी-शेजारी असतात, आणि गिअर ऑइल चुकून कपलिंगमध्ये जातं. भरताना स्वतः उभे राहा, कोणतं बूच उघडलं ते बघा.

पंप बसवल्यावर स्कॅनरने कपलिंगची बेसिक सेटिंग चालवा, पन्नासेक किलोमीटर फिरवा, आणि मग पहिल्यापासून तीन रन घ्या. त्याआधीचे सगळे कागद या गाडीसाठी रद्द. ज्या कपलिंगने ते आकडे दिले ते आता तसं वागत नाही.